एमबीएची तयारी तालुक्याच्या गावातून होते, नुसत्या मोबाइलवर होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा आटोपत आल्या की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत एमबीए प्रवेशपरीक्षेच्या क्लासच्या जाहिराती सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या बॅचेस, पर्सेंटाइलचे ठळक आकडे, मुलामुलींचे फोटो. आमच्या विट्याच्या वाचनालयात येणारी मुलं ती पानं घडी करून माझ्याकडे आणतात आणि विचारतात, "बाई, क्लास न लावता हे निघेल का?" मी हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाले, आता संध्याकाळी वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसते. माझं उत्तर "हो" असं आहे. पण त्या होकाराला अटी आहेत. बऱ्याचशा अटी मुलांनी पाळायच्या आहेत. एक मात्र त्यांच्या हातात नाही, गावाच्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

अभ्यासिकेत बसणारी बहुतेक मुलं एमपीएससीची. त्यांच्याकडून इतरांनीही अभ्यासाची एक रीत उचलली आहे : पहाटे सहाला जागा धरायची, रात्री दहापर्यंत बसायचं, दहा-बारा तास झाले की दिवस सत्कारणी लागला. एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला ही रीत लागू पडत नाही. तिथे पाठांतराला जवळपास काही नाही. दहावीपर्यंतचं गणित, इंग्रजी वाचून समजणं, आणि अनोळखी माहिती समोर आली की तिची मांडणी करता येणं, एवढीच सामग्री. ती घड्याळाच्या धाकात वापरता येते का, हे तपासलं जातं. त्यामुळे वेळापत्रक तासांनी भरण्यापेक्षा आधी प्रश्नपत्रिका पाहावी आणि तिच्यावरून अभ्यास मागे मागे आखत यावा. मी मुलांना पहिल्याच आठवड्यात, काहीही न वाचता, मागच्या वर्षाची एक पूर्ण प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायला बसवते. गुण फार कमी येतात. येऊ द्यावेत. आपण कुठे उभे आहोत हे कळल्याशिवाय कुठला धडा आधी घ्यायचा ते ठरवता येत नाही.

आपल्या भागातल्या मुलांसमोर मुख्यतः दोन परीक्षा असतात. एक 'कॅट', जी आयआयएम संस्था आळीपाळीने नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी घेतात. दुसरी राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए सीईटी, जी साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास होते आणि जिच्यावर जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग अशा ठिकाणचे प्रवेश होतात. सीमॅट, झॅट, स्नॅप याही आहेत, पण या दोन नीट आखल्या तर त्यांची बरीचशी तयारी यातच होते.

मुलं या दोघींना एकच समजून अभ्यास करतात. २०२४ च्या कॅटमध्ये दोन तासांत ६८ प्रश्न होते. तीन विभाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. गणिताचे २२ प्रश्न चाळीस मिनिटांत म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या थोडी वर. सीईटीत अडीच तासांत २०० प्रश्न. भागाकार करा, एका प्रश्नाला ४५ सेकंद. कॅटमध्ये पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक गुण जातो, सीईटीत जात नाही. म्हणजे एका परीक्षेत काय सोडायचं हे शिकायचं असतं, आणि दुसरीत काहीच कोरं न सोडता पळायचं असतं. दोन्हींचे धडे सारखे असले तरी बसण्याची सवय वेगळी लागते. म्हणून मी सांगते, नोव्हेंबरपर्यंत कॅट धरून खोलात जा. कॅट झाली की डिसेंबरपासून सीईटीसाठी वेग आणि आकृत्यांचे प्रश्न घ्या. आकृत्यांचा, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट रिझनिंगचा भाग कॅटमध्ये नसतो. सीईटीत त्याचे २५ प्रश्न असतात आणि रोज थोडा सराव केला तर त्यात लवकर सुधारणा दिसते. उलट क्रमाने, म्हणजे आधी वेग आणि मग खोली, असं जमलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पर्सेंटाइलबद्दलही पालकांसाठी थोडं लिहायला हवं. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात नव्याण्णव गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभर जणांपैकी नव्याण्णव तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली. म्हणजे ९९ पर्सेंटाइलवरच्या मुलाच्या पुढेही तीन हजारांच्या आसपास उमेदवार होते. आणि हे पर्सेंटाइल मिळायला अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी गुण पुरले आहेत. शाळेत सगळे प्रश्न सोडवायची सवय लागलेल्या हुशार मुलांना हे पचत नाही. बावीसपैकी अकरा प्रश्न बरोबर आणि बाकीचे जाणूनबुजून सोडलेले, ही कॅटच्या गणिताची चांगली कामगिरी असू शकते, हे त्यांना माझ्याकडून नव्हे, त्यांच्या स्वतःच्या सराव परीक्षेतून पटतं.

सोडणं आणि ठोकणं यांचंही गणित आहे. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीच्या पर्यायाला उणे एक. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारदा केल्यावर सरासरी एकदा तीन मिळतात आणि तीनदा एकेक जातो. बेरीज शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर उरलेल्या तिघांतून निवडणं फायद्याचं ठरतं : तीनदा केलं तर तीन मिळतात आणि दोन जातात. शिवाय काही प्रश्नांत पर्याय नसतात, उत्तर स्वतः भरायचं असतं. तिथे चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून तिथली जागा कोरी ठेवू नये. हा हिशोब मुलांनी वहीत एकदा स्वतः मांडला की परीक्षेतली घालमेल कमी होते.

आता विषयांकडे येते, आणि गणितावर जरा जास्त रेंगाळते, त्याबद्दल वाचकांनी समजून घ्यावं.

कॅटच्या गणितात अंकगणिताचा वाटा सर्वांत मोठा असतो : शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, मिश्रण, सरासरी, काळ-काम-वेग, व्याज. बीजगणित त्यानंतर, मग भूमिती आणि संख्यांचे गुणधर्म. यातलं बहुतेक आपल्या बालभारतीच्या सातवी ते दहावीच्या पुस्तकांत आहे आणि ती पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी तिथून सुरुवात करावी, त्यात कमीपणा काही नाही. पण तिथून इंग्रजीत यायला एक वही ठेवावी. बाकी, क्रमागत, व्यस्त प्रमाण, विषम संख्या हे शब्द इंग्रजी प्रश्नात कसे येतात ते त्या वहीत असावं. गणित येत असूनही प्रश्न न कळल्याने गुण गेलेली मुलं मी दर वर्षी पाहते, कारण या दोन्ही परीक्षा इंग्रजीत असतात.

दुसरं, आकडेमोड. माझ्या आईला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीसुद्धा पाठ होती. बाजारात तिला कागद लागत नसे. आम्ही शाळेतून ते पाढे हद्दपार केले आणि त्याबरोबर अपूर्णांकाची सहजता गेली. कॅटच्या शेकडेवारीचा एक नमुना घ्या : तेलाची किंमत २५ टक्क्यांनी वाढली, तर खर्च तेवढाच ठेवण्यासाठी वापर किती टक्क्यांनी कमी करावा? मुलं क्ष धरतात, समीकरण मांडतात, दोन मिनिटं घालवतात. किंमत सव्वापट झाली, म्हणजे चाराचे पाच झाले. मग वापर पाचाचे चार व्हायला हवेत. पाचांत एक कमी म्हणजे २० टक्के. सवायकी ज्याच्या अंगात मुरली आहे त्याला हे बोलता बोलता सुटतं. तीसपर्यंत पाढे, वीसपर्यंत वर्ग, दहापर्यंत घन, आणि एक द्वितीयांशापासून एक द्वादशांशापर्यंतचे अपूर्णांक टक्क्यांत, एवढं एप्रिल-मेमध्ये रोज पंधरा मिनिटं म्हणून घ्यावं. मोठ्याने म्हणावं. कॅटच्या पडद्यावर गणकयंत्र असतं हे खरं, पण ते माऊसने एकेक आकडा दाबत चालवायचं. त्याच्या भरवशावर राहणाऱ्याची मिनिटं तिथेच सांडतात.

आता इंग्रजी. कॅटच्या पहिल्या विभागातल्या २४ प्रश्नांपैकी १६ चार उताऱ्यांवर असतात. उतारे तत्त्वज्ञानाचे, इतिहासाचे, जीवशास्त्राचे, कलेचे, कशाचेही. आमची मुलं यासाठी शब्दांच्या याद्या पाठ करतात. त्या याद्यांनी फारसं काही होत नाही. मी त्यांना सांगते, रोज एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या संपादकीय पानावरचा एक लेख वाचा, पेपर बाजूला ठेवा आणि लेखकाचं म्हणणं दोन ओळींत मराठीत लिहा. इंग्रजीत लिहायला सांगितलं तर मुलं लेखातलीच वाक्यं उचलतात आणि समजलं असं वाटतं. स्वतःच्या भाषेत लिहिताना पळवाट राहत नाही : समजलं असेल तर दोन ओळी येतात, नाहीतर पेन अडतं. एक मुलगी गावातल्या पतसंस्थेत कॅशवर काम करते आणि सहानंतर अभ्यासिकेत येते. तिने उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत या दोन ओळींचं व्रत सोडलं नाही. सुरुवातीच्या पानांवर लेखातली माहिती आहे. पुढे पुढे लेखक कुणाशी वाद घालतोय, कुठे कचरतोय, हे येऊ लागलं. उताऱ्यांवरचे प्रश्न नेमके त्याबद्दल असतात. ती वही मी तिच्या परवानगीने नव्या मुलांना दाखवते.

तिसरा विभाग माहितीचं विश्लेषण आणि तर्क यांचा. कोण कुणाशेजारी बसलं, कुठल्या संघाने किती सामने जिंकले, कुठल्या रस्त्यावरून किती गाड्या गेल्या, असे चार-पाच संच आणि प्रत्येक संचावर चार-पाच प्रश्न. याचा कुठलाही अभ्यासक्रम नाही, म्हणून क्लासवाले आणि मुलं दोघेही याला घाबरतात. इथे खरं कौशल्य आहे ते निवडीचं. पहिली पाच-सहा मिनिटं फक्त सगळे संच वाचायला द्यावीत आणि कुठला आधी, कुठला मुळीच नाही, हे ठरवावं. शेतकरी वाफसा आला की नाही हे माती हातात घेऊन पाहतो आणि मग पेरतो, तसं. सोडवलेला प्रत्येक संच आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवावा. दुसऱ्यांदा तक्ता नीटस येतो आणि पहिल्या वेळी आपण कुठली अट उशिरा वापरली ते दिसतं. रोज नवे दहा संच सोडवण्यापेक्षा जुने दोन पुन्हा मांडणं जास्त शिकवतं, हे मी ठामपणे सांगू शकते.

या तिन्हींतला एकही विभाग टाकून चालत नाही. आयआयएम प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाइल मागतात, आणि त्यापुढे दहावी, बारावी, पदवीचे गुण, कामाचा अनुभव हेही पाहतात. ज्याचं गणित उत्तम आणि इंग्रजी कच्चं त्याने गणिताला रोज तीन तास देणं ही त्याच्या आवडीची गोष्ट झाली, आखणी नव्हे.

नोकरी करणाऱ्या मुलांचा प्रश्न येतो, की दिवसाला दोनच तास मिळतात, तेवढ्यात होईल का. ती पतसंस्थेतली मुलगी किंवा घरचे यंत्रमाग सांभाळून येणारा एक मुलगा, यांच्याकडे पाहून मी सांगते, होतं. पण त्या दोन तासांचं काम आदल्या रात्री लिहून ठेवलेलं असावं आणि रविवारची सकाळ सराव परीक्षेसाठी राखलेली असावी. ऑगस्टपासून दर रविवारी एक पूर्ण सराव परीक्षा, आणि सोमवार ते बुधवार फक्त तिची उलटतपासणी. आमची मुलं परीक्षा देतात, गुण पाहतात, दुसरी देतात. उलटतपासणीच्या वहीत प्रत्येक चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रश्नापुढे कारण लिहावं : मुळात येतच नव्हतं, येत होतं पण वेळ गेला, घाईत वाचण्यात चुकलं, की सोडायला हवा होता तो धरून बसलो. महिन्याभराने ती वही चाळली की पुढच्या महिन्याचं वेळापत्रक तिच्यातच लिहिलेलं सापडतं. येत नव्हतं हे कारण कमी आणि धरून बसलो हे जास्त असेल, तर नवा धडा घेण्यात अर्थ नाही. क्लासमध्ये शेकडो मुलांना एकच वेळापत्रक मिळतं. ही वही त्या एका मुलाची असते. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला क्लासपेक्षा जास्त काही मिळत असेल तर ते हेच.

कागदपत्रांचा एक मुद्दा घाईने सांगते, कारण त्यात चांगले गुण असलेली मुलं अडकतात. कॅटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात भरले जातात. ओबीसी उमेदवाराला तिथे केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो. सीईटीनंतरच्या प्रवेशफेरीत राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला, जातवैधता, अधिवास यांची गरज पडते. हे सगळं अर्ज सुरू होण्याआधीच, जून-जुलैपर्यंत मार्गी लावावं आणि वेळापत्रकात त्यासाठी दोन दिवस लिहून ठेवावेत.

आता त्या अटीकडे येते, जी मुलांच्या हातात नाही.

ही परीक्षा संगणकावर होते. कॅट २००९ पासून संगणकावर आहे, सीईटीही आता संगणकावरच होते. कॅटमध्ये समोर पडदा, हातात माऊस, शेजारी कच्चं काम करायला कागद. कीबोर्ड वापरायचा नसतो, आकडेसुद्धा पडद्यावरच्या कळा माऊसने दाबून भरायचे. आणि आमच्या अभ्यासिकेतली मुलं वर्षभर सराव करतात तो मोबाइलवर. पाच-सहा इंची पडद्यावर उतारा बोटाने वरखाली सरकवत वाचायचा, तक्ता मोठा करून पाहायचा, मध्येच घरून फोन येणार, ग्रुपवर निरोप येणार. कॅटचा अधिकृत सराव संच आयआयएम आपल्या संकेतस्थळावर मोफत देतात, गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह मोफत मिळतात. साहित्याची उणीव नाही. उणीव आहे ती दोन तास कुणी न हलवणाऱ्या एका टेबलाची आणि त्यावरच्या संगणकाची. शहरातल्या मुलाच्या घरी लॅपटॉप असतो. क्लासमध्ये संगणक कक्ष असतो. क्लासची फी भरू शकणाऱ्याला शिकवणीपेक्षाही हा कक्ष जास्त उपयोगी पडतो, असं माझं निरीक्षण आहे. यंत्रमागाच्या घरातल्या त्या मुलाचं गणित माझ्या पाहण्यातल्या उत्तम मुलांपैकी होतं. प्रत्यक्ष परीक्षेत तो पडद्यावरचा तक्ता आणि कागद यांच्यात नजर नाचवतानाच दमला. हे त्याने मला फार शांतपणे सांगितलं आणि मला ते सहन झालं नाही.

दुसरी उणीव पुस्तकांची. आमच्या वाचनालयात एमबीएच्या कपाटात पुस्तकं पुष्कळ आहेत, कुणाकुणाची मुलं शिकून गेली आणि घरच्यांनी दिलेली. त्यातल्या सराव परीक्षा कुठल्या काळच्या आहेत हे कुणी पाहत नाही. २०१५ ते २०१९ या काळात कॅट तीन तासांची आणि १०० प्रश्नांची होती. त्या आराखड्यावर घरी सराव करून मुलगा दोन तासांच्या परीक्षेला जातो. त्याहून जुनी, कागदावरच्या परीक्षेच्या काळातली पुस्तकंही आहेत. गणिताच्या धड्यांसाठी ती आजही चांगली आहेत, वेळ लावून सोडवायला नाहीत. मी त्या पुस्तकांवर तशा चिठ्ठ्या लावायला घेतल्या आहेत. इतर वाचनालयांनीही लावाव्यात, याला पैसा लागत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे. ते किती तुटपुंजं आहे आणि ग्रंथपालांना काय पगारात राबावं लागतं, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मी वाचनालयांकडे मोठं काही मागत नाही. अनेक तालुका वाचनालयांत ग्रंथनोंदीसाठी एक-दोन संगणक आहेत. देवघेव विभाग बंद असतो त्या वेळी ते झाकलेले असतात. रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा, जी कॅटच्या पहिल्या सत्राची वेळ आहे, ते संगणक नाव नोंदवून मुलांना द्यावेत. आणि त्याहून सोपं, बहुतेक तालुक्यांच्या गावी एखादं महाविद्यालय असतं आणि त्याच्या संगणक कक्षात बरेच संगणक असतात. रविवारी तो कक्ष कुलूपबंद असतो. जुलै ते नोव्हेंबर रविवारची एक सकाळ तो उघडा ठेवायचा आणि एका शिक्षकाने किंवा माजी विद्यार्थ्याने तिथे बसायचं, एवढंच लागतं. मुलगा आपल्या महाविद्यालयाचा असो वा नसो, त्याला बसू द्यावं. खानापूर-भिवघाटाकडून एसटीने येणाऱ्या मुलाला साडेआठ ही वेळ गाठता येत नसेल, तर साडेबाराची दुसरी सत्रवेळ ठेवावी. कॅटलाही ते सत्र असतंच. आमच्या गावात याबद्दल मी संबंधितांशी बोलणी सुरू केली आहेत. प्रतिसाद वाईट नाही. विजेचं बिल आणि जबाबदारी कुणाची, यावर गाडी अडली आहे. बसण्याची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे, हे त्यांना सांगितलं आहे आणि इथेही लिहिते.

मुलींबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. क्लाससाठी पुण्याला खोली घेऊन राहायला मुलाला घरून परवानगी मिळते, मुलीला मिळत नाही किंवा लग्नाच्या बोलण्यांत ती वर्षं निघून जातात. अशा मुलीसाठी गावातली अभ्यासिका हा एकच मार्ग उरतो. अभ्यासिकेच्या वेळा, स्वच्छतागृह, संध्याकाळी परतीच्या रस्त्यावरचे दिवे, यांची व्यवस्था नसेल तर तोही बंद होतो. आमच्याकडे मुलींसाठी वेगळी खोली झाल्यावर त्यांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. त्या पतसंस्थेतल्या मुलीला सीईटीवर पुण्यात चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला. तिच्या वडिलांनी खोलीचे पैसे आधी क्लाससाठी दिले नसते. प्रवेशासाठी दिले.

संपादक महोदय, आता आपल्याकडे एक मागणं. जिल्हा पुरवणीत निकालानंतर यशस्वी मुलांच्या मुलाखती येतात, त्या यायलाच हव्यात. पण जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत दर सोमवारी त्याच पानावर चौकटीत तर्काचा एक संच छापता येईल का? प्रश्न इंग्रजीत, परीक्षेत असतात तसे. उत्तर पुढच्या सोमवारी, पण नुसतं उत्तर नको, तक्ता कसा भरत गेला त्याच्या पायऱ्या मराठीत. ज्याच्याकडे संगणक नाही, चांगला मोबाइलही नाही, त्याच्या घरी किंवा चहाच्या टपरीवर आपला अंक असतो. संच नवे तयार करून, तपासून, पायऱ्यांसह वेळेवर पाठवायचं काम मी करीन. माझ्यासोबत आणखी दोन निवृत्त गणित शिक्षक तयार आहेत. मानधन नको. पहिले चार संच या पत्राबरोबर वेगळ्या कागदांवर जोडले आहेत. जागेच्या मानाने मोठे वाटले तर कळवावं, लहान करून देईन.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
विटा, ता. खानापूर, जि. सांगली